मुंबईतला घरखर्च कमी करताना: आधी काय, मग काय

पैसे कुठे जातात असं विचारलं की बहुतेक घरांतून बाहेरचं खाणं, मुलांचे हट्ट, मोबाईल अशी उत्तरं येतात. भाडं किंवा गृहकर्जाचा हप्ता बाजूला ठेवून महिन्याचा हिशोब मांडला तर मात्र वीज, किराणा, भाजी-मासळी, औषधं आणि प्रवास हेच आकडे मोठे दिसतात. ते दर महिन्याला येतात, त्यामुळे तिथे एकदा केलेली दुरुस्ती वर्षभर पैसे वाचवते. शनिवारचा वडापाव बंद केल्याने घरात कुरकुर तेवढी वाढते, हाती फारसं काही लागत नाही. आनंदाच्या छोट्या खर्चांना आधी हात लावू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

पहिला महिना फक्त नोंदी

पहिल्या महिन्यात काहीही कमी करू नका, फक्त लिहा. वहीत तीन रकाने करा. पहिल्यात ठरलेले खर्च: हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची महिन्याची फी, रेल्वे पास. दुसऱ्यात बदलते खर्च: वीज, गॅस, किराणा, भाजी, रिक्षा. तिसऱ्यात वर्षातून एक-दोनदाच येणारे: विम्याचा हप्ता, शाळेची पुस्तकं, गणपती, दिवाळी, गावची फेरी. या तिसऱ्या रकान्याकडे लेखाच्या शेवटी परत येऊ.

नोंदी चुकतात त्या दोन कारणांनी. घरातला एकच माणूस लिहितो आणि बाकीच्यांचे खर्च सुटतात. दुसरं, यूपीआयने दहा-वीस रुपये सहज जातात आणि लक्षात राहत नाहीत. उपाय सोपा आहे. रोजच्या खर्चासाठी वेगळं बचत खातं ठेवा, त्यात महिन्याच्या सुरुवातीला ठरलेली रक्कम भरा आणि यूपीआय फक्त त्या खात्याला जोडा. महिनाअखेर त्या खात्याचं स्टेटमेंट म्हणजेच तुमची वही.

वीज: बिल वाचल्याशिवाय बचत नाही

कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्ट, उपनगरांत मुख्यतः अदानी आणि टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. कंपनी कुठलीही असो, घरगुती दर टप्प्यांत असतात: ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. वरच्या टप्प्यातलं युनिट महाग असतं. म्हणून ३३० युनिटं जाळणाऱ्या घराने ३० युनिटं वाचवली तर ती सगळी महागड्या टप्प्यातली वाचतात.

बचतीचा हिशोब करताना एकूण बिल भागिले युनिटं असा सरासरी दर धरू नका. तुमचं शेवटचं युनिट ज्या टप्प्यात पडतं त्याचा वीज आकार घ्या, त्यात प्रतियुनिट वहन आकार आणि इंधन समायोजन आकार मिळवा, वर १६ टक्के वीज शुल्क लावा. तो तुमचा खरा दर. स्थिर आकार यात धरू नका, तो वापर घटला म्हणून रोजच्या रोज कमी होत नाही.

मुंबईत वर्षातले बहुतेक महिने पंखा चालूच असतो, म्हणून पहिली नजर पंख्यावर. साधा छताचा पंखा पूर्ण वेगात साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज १५ तास धरले तर साधा पंखा महिन्याला जवळजवळ ३४ युनिटं खातो, बीएलडीसी साडेतेरा. म्हणजे एका पंख्यामागे २० युनिटांची बचत. समजा तुमचा खरा दर १० रुपये आहे आणि बीएलडीसीसाठी १५०० रुपये जास्त मोजावे लागले, तर आठ महिन्यांत ते वसूल होतात. पण सगळे पंखे एकदम बदलू नका. जो सर्वात जास्त तास चालतो तो आधी, बहुतेक घरांत हॉलचा. पाहुण्यांच्या खोलीतला दिवसाला तासभर चालणारा पंखा बदलून पैसे लवकर फिटत नाहीत.

इथे एक चूक नेहमी होते. इलेक्ट्रिशियन बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरवरच जोडून देतो. या पंख्याच्या आत स्वतःचं सर्किट असतं. रेग्युलेटरने व्होल्टेज कमी झालं की पंखा घरघरतो, मध्येच थांबतो, कधी सर्किट जळतं. रेग्युलेटर काढून तिथे साधं बटण बसवून घ्या, वेग रिमोटने बदला.

गिझरचं गणित तर फारच थोड्या घरांत केलेलं असतं. मुंबईत नळाचं पाणी साधारण २५ अंशांचं असतं. १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ०.६ युनिट लागतं, २००० वॅटच्या गिझरला त्यासाठी १८ ते २० मिनिटं पुरतात. त्यात २० लिटर गार पाणी मिसळलं की ४० अंशांचं ३५ लिटर पाणी होतं, म्हणजे दोन जणांच्या आंघोळी. पहाटे गिझर लावून तो नऊपर्यंत चालू ठेवला की टाकी थंड होत राहते आणि थर्मोस्टॅट पुन्हापुन्हा वीज ओढतो. आंघोळी लागोपाठ उरका, पहिल्याच्या आधी २० मिनिटं गिझर लावा आणि शेवटच्या माणसाच्या आधी बंद करा. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी आपोआप तापलेलं असतं, तेव्हा गिझर लागतच नाही.

वीज वाचवायला गॅस गिझर घेण्याचा विचार असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हवा खेळती नसलेल्या बाथरूममध्ये तो बसवायचा नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, आणि बंद बाथरूममध्ये गुदमरून मुंबईत माणसं दगावली आहेत. आपल्या इमारतींतली लहान खिडक्यांची बाथरूम पाहता ही बचत नकोच.

एसी असेल तर २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा मंद लावा. तापमान एका अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. पहाटे चारला बंद होईल असा टायमर लावा, खोली सकाळपर्यंत गार राहते. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. रस्त्याकडेच्या घरात धूळ इतकी येते की महिनाभर न धुतलेल्या जाळीतून हवा नीट जात नाही आणि कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो.

फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. दारात कागद अडकवून ओढून पाहा. सहज निघाला तर रबर सैल झालंय. पावसाळ्यात अशा फटीतून दमट हवा आत जाते आणि बर्फाचा थर जमतो. नवा फ्रिज घेताना लेबलवरच्या ताऱ्यांपेक्षा वर्षाकाठी किती युनिटं हा आकडा पाहा, कारण ताऱ्यांचे निकष अधूनमधून बदलतात आणि जुना पाच तारे आजच्या कमी ताऱ्यांच्या बरोबरीचा असू शकतो. टीव्ही रिमोटने बंद केला तरी सेट टॉप बॉक्स चालूच असतो. १० वॅटचा बॉक्स दिवसरात्र चालला तर महिन्याला ७ युनिटं जातात. दोन्ही एकाच बटणावर घ्या.

गॅस

ज्योत निळी हवी. पिवळी दिसली किंवा भांड्याचा तळ काळा होऊ लागला तर बर्नरची भोकं तुंबली आहेत. बर्नर काढून गरम पाणी आणि साबणात भिजवा, भोकं सुईने मोकळी करा, पूर्ण वाळल्यावरच बसवा.

कुकर हा गॅस वाचवणारा सर्वात चांगला सोबती. तूरडाळ अर्धा तास आधी, छोले-राजमा रात्रभर भिजवा. डाळ, भात आणि बटाटे एकाच कुकरमध्ये वेगवेगळ्या डब्यांत लावा. पहिली शिट्टी होताच आच बारीक करा. आत दाब तयार झाल्यावर मोठी आच फक्त वाफ बाहेर फेकते, डाळ लवकर शिजत नाही. बाजूने वाफ सुटत असेल तर रिंग बदला.

सिलिंडर वापरत असाल तर घरी आल्यावर वजन करूनच घ्या. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावर लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेल्या टाकीचं वजन येतं. १५.६ लिहिलं असेल तर काटा २९.८ दाखवायला हवा. वजनकाटा मागणं हा तुमचा हक्क आहे.

किराणा: मोठं पाकीट नेहमी स्वस्त नसतं

पाकिटावर आता एमआरपीसोबत प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलीलिटर किंमतही छापलेली असते. तुलना त्या आकड्याची करा. 'एकावर एक मोफत' आणि मोठं फॅमिली पॅक यांचा खरा भाव तिथेच कळतो.

तेलात सर्वात जास्त गफलत होते. १ लिटर तेलाचं वजन सुमारे ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात साधारण १३.६५ किलो तेल असतं, आणि बाजारात १५ लिटर आणि १५ किलो असे दोन्ही डबे मिळतात. दुकानदाराने फक्त 'पंधराचा डबा' म्हटलं तर लिटर की किलो हे डब्यावर वाचा, फरक तब्बल १.३५ किलोचा आहे. पिशव्यांतही आकाराने लिटरसारख्या दिसणाऱ्या पण कमी मापाच्या असतात. चार माणसांच्या घरी दरमाणशी दिवसाला २५ ग्रॅम धरलं तर महिन्याला ३ किलो तेल पुरतं. पाच-सहा किलो संपत असेल तर आधी तळण मोजा, मग ब्रँड बदला.

गहू घेऊन चक्कीवर दळून आणायचा की तयार पीठ, हे भाव पाहून ठरवा: गव्हाचा किलोचा दर अधिक दळणावळ. निवडताना आणि दळताना थोडी घट येते, तीही धरा. एका वेळी महिन्याचं दळण आणा, जून ते सप्टेंबर मात्र पंधरा दिवसांचंच. मुंबईच्या दमट हवेत पिठात जाळी धरते आणि वाचलेले पैसे डब्यासकट कचऱ्यात जातात.

वर्षाचं धान्य भरण्याची गावाकडची पद्धत मुंबईच्या घरात जशीच्या तशी चालत नाही, कारण जागा कमी आणि ओल जास्त. तांदूळ-गहू दोन-तीन महिन्यांचाच घ्या. मसाला मात्र वर्षाचा करणं परवडतं. मार्च ते मे या काळात लालबागच्या मिरची गल्लीत मिरची, खडे मसाले आणि कुटायला डंख, सगळं एकाच ठिकाणी मिळतं. रंगासाठी बेडगी किंवा काश्मिरी, तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा लवंगी. भाव विचारताना देठासह की देठ काढलेली हे आधी विचारा, देठांचं वजन तुम्हीच मोजत असता. मिरची दोन-तीन दिवस कडक उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवा. ओलसर मिरची कुटली की मसाल्याला गुठळ्या धरतात आणि ऑगस्टमध्ये बुरशी येते. मसाला पूर्ण थंड झाल्यावर बरणीत दाबून भरा, वर हिंगाचे खडे ठेवा आणि वापराचा मसाला छोट्या डब्यात वेगळा काढा, म्हणजे मोठ्या बरणीत ओला चमचा जाणार नाही.

रेशनकार्ड असेल तर ते कुठल्या यादीत आहे हे पाहून घ्या. नुसतं केशरी कार्ड आहे म्हणून धान्य मिळतंच असं नाही. प्राधान्य कुटुंबांच्या यादीत नाव असेल तर जानेवारी २०२३ पासून दरमहा दरमाणशी ५ किलो धान्य मोफत मिळतं. घरातल्या प्रत्येकाचं ई-केवायसी पूर्ण आहे का ते दुकानातच विचारा.

भाजी, मासळी आणि पावसाळा

दादर स्टेशनच्या पश्चिमेला पहाटे भरणारा भाजीबाजार घरगुती गिऱ्हाइकालाही परवडतो. मात्र तिथे दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून जावं, कारण घाऊक माल पाव किलोने मिळत नाही. चार जणांच्या घराने एकट्याने पाच किलो टोमॅटो आणले तर दीड किलो सडतात आणि स्वस्ताई तिथेच संपते. आठवड्याचा बेत आधी लिहा, मग पिशवी उचला. पहिल्या तीन दिवसांत पालेभाज्या, भेंडी आणि काकडी संपवा. दुधी, कोबी, सुरण, भोपळा शेवटी.

कोथिंबिरीची जुडी आणली की मुळं कापा, निवडा, न धुता कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. आठवडाभर सहज टिकते. धुऊन ठेवली तर तीन दिवसांत काळी पडते. कांदे टोपलीत, हवा लागेल असे आणि बटाट्यांपासून दूर. पावसाळ्यात एका वेळी पंधरा दिवसांपेक्षा जास्त कांदा भरू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये पालेभाजी महागते आणि चिखलाने अर्धी फेकावी लागते. त्या दिवसांत आठवड्यातून तीनदा कडधान्य ठेवा. पाव किलो मटकीला मोड आले की वजन दुपटीच्या आसपास जातं आणि चार जणांची उसळ होऊन उरते. टाकळा, शेवळं अशा रानभाज्या घेऊन पालघरकडच्या बायका स्टेशनबाहेर बसतात, त्याही घ्याव्यात. शेवळं मात्र आंबट घातल्याशिवाय शिजवू नका, घशाला खाज सुटते.

मासळी खाणाऱ्या घरांनी कॅलेंडरवर दोन तारखा लिहाव्यात: १ जून आणि ३१ जुलै. या ६१ दिवसांत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, ताजी मासळी कमी येते आणि भाव चढतात. सुके बोंबील, जवळा, सुकट, सोडे एप्रिल-मेमध्येच घ्या. हाताला ओलसर लागणारा जवळा घेऊ नका, पाण्याचंही वजन तुम्ही मोजता आणि तो लवकर खराब होतो. घरी आणून पुन्हा एक-दोन उन्हं द्या, निवू द्या, हवाबंद डब्यात भरा. ज्यांच्याकडे फ्रीजरमध्ये जागा आहे त्यांनी तिथेच ठेवावं. एरवीच्या दिवसांत पापलेट-सुरमईऐवजी बांगडा आणि मांदेली घ्या. चवीत आणि पोषणात काही कमी पडत नाही, घरातल्या मुलांना काटे काढायची सवय लावली की झालं.

औषधं

रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांच्या रोजच्या गोळ्या चालू असलेल्या घरात इथली बचत किराण्यापेक्षा मोठी असू शकते. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा, उदाहरणार्थ मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन. ती चिठ्ठी घेऊन प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी केंद्रात जा. तीच औषधं ब्रँडच्या किमतीच्या निम्म्याहून कमी दरात मिळतात. गोळी घेताना तीन गोष्टी जुळवा: मूळ नाव, मिलीग्रॅम, आणि एसआर किंवा ईआर ही अक्षरं. ही अक्षरं हळूहळू विरघळणाऱ्या गोळीची खूण आहेत. साधी गोळी त्याऐवजी घेतली तर औषध एकदम रक्तात उतरतं. थायरॉईड, फिट्स आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा ब्रँड स्वतःच्या मनाने कधीही बदलू नका, डॉक्टरांशी बोलूनच बदला.

साध्या सर्दी-तापासाठी आणि प्राथमिक तपासण्यांसाठी महापालिकेचा आपला दवाखाना जवळ आहे का ते पाहा.

प्रवास

लोकलचा त्रैमासिक पास तीन महिन्यांच्या नव्हे, २.७ महिन्यांच्या पैशांत मिळतो, सहामाही ५.४ आणि वार्षिक १०.८ महिन्यांच्या. ठिकाण बदलणार नसेल तर मासिक पास काढत राहण्यात अर्थ नाही. आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जाणाऱ्याने मात्र येण्याजाण्याची तिकिटं गुणिले दिवस असं मांडून मग पास काढावा. गावी जाताना एसटीत महिलांना आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट, ७५ च्या पुढे मोफत. वयाच्या पुराव्याचं मूळ कार्ड जवळ ठेवा. कोकण रेल्वेचं गणपतीचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी खुलतं. ती तारीख हुकली की खासगी बसच्या चढ्या भाड्यावाचून पर्याय उरत नाही.

तिसरा रकाना

बहुतेक घरांचा हिशोब जूनमध्ये आणि गणपतीत कोलमडतो, आणि दोन्ही खर्च वर्षभर आधीपासून माहीत असतात. ते मांडून पाहा. समजा शाळेची वर्षातून एकदा भरायची फी आणि पुस्तकं २४,०००, विमा १२,०००, गणपतीची फेरी १५,०००, दिवाळी १५,०००, पावसाळ्यातली गळती आणि छत्र्या-चपला ६,०००. एकूण ७२,०००, म्हणजे महिन्याला ६,०००. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी एवढी रक्कम आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा, वेगळ्या खात्यात किंवा १२ महिन्यांच्या आवर्ती ठेवीत. विजेत, किराण्यात, औषधांत जे वाचलं तेही त्याच दिवशी तिथे टाका. रोजच्या खात्यात राहिलेली बचत महिनाअखेर खर्च होऊन जाते. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते, म्हणून ती लांबच्या गरजेसाठी ठेवा, गणपतीसाठी नाही.

भिशी लावायची असेल तर सभासद एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारे असावेत, रक्कम आणि पाळी लिहून काढलेली असावी, आणि ठरावीक व्याजाचं आमिष दाखवणारा मध्यस्थ त्यात नसावा. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ठेव सुरू करण्याआधी ती फेडा. किमान रक्कम भरत राहिल्यास महिन्याला ३ ते ४ टक्के व्याज चढतं, आणि कुठलीही ठेव तेवढं देत नाही.

पुस्तकांचा खर्च मार्चअखेरच कमी करता येतो. निकालाच्या आधीच सोसायटीतल्या वरच्या वर्गातल्या मुलांच्या घरी सांगून ठेवा. बालभारतीची पुस्तकं अभ्यासक्रम बदलला नसेल तर तशीच चालतात आणि संकेतस्थळावर पीडीएफही मोफत आहे. आवृत्तीचं वर्ष मात्र मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर तपासा आणि शाळेच्या यादीशी ताडून पाहा. स्पर्धा परीक्षांची आणि कॉलेजची पुस्तकं माटुंग्याला किंग्ज सर्कलला किंवा फोर्टात हुतात्मा चौकाजवळ जुनी मिळतात. परीक्षा झाल्यावर विकायची असतील तर पानांवर पेनाने लिहू नका, पेन्सिलच वापरा, चांगल्या स्थितीतल्या पुस्तकाला भाव बरा येतो.